आधी सुई की आधी स्पीकर

३ फेब्रुवारी

ताई,

दीड वर्षानं पत्र लिहितोय, तेही कामासाठी. राग यायचा तो येऊ दे, पण उत्तर पाठव. तू घर सोडलंस तेव्हा तुझा गाण्यांचा संच मागे राहिला होता. तो अजून आहे. रेकॉर्ड प्लेअर, ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि तुझ्या रेकॉर्डींची पेटी. मला तो सुधारायचाय. सगळा एकदम बदलणं मला झेपणार नाही, सध्या एकच वस्तू घेता येईल. तर आधी काय बदलू? नाटकांची ध्वनियंत्रणा सांभाळण्यात तुझा जन्म गेला, तुला नाही विचारायचं तर कुणाला?

काल एका दुकानात जाऊन आलो. पुन्हा जाणार नाही. मालकानं अंगठ्याचं नख वाढवलंय, पिवळं, आणि त्या नखानं तो प्रत्येक स्पीकरच्या जाळीवर टिचक्या मारतो. मी कवळ्या बनवणारा माणूस, माझी नजर आधी दातांवर जाते. खालच्या दातांवर किटणाचा एवढा थर, आणि त्या तोंडानं तो मला विचारतो, "साहेब, तुमचे कान तयार आहेत का?" मग एकच गाणं चार स्पीकरांवर लावलं आणि चारही वेळा डोळे मिटून हात हवेत फिरवला. वर म्हणाला, "आता पडदा बाजूला झाल्यासारखं वाटलं ना?" मला फक्त त्याच्या तोंडाचा वास येत होता.

आपल्या संचाची दुखणी सांगतो. उजव्या स्पीकरमध्ये कागदी शंकूच्या भोवती स्पंजाची कड असते ना, ती विरघळलीय. बोट लावलं तर काळा चिकट लगदा हाताला येतो, कुणीतरी चघळून टाकल्यासारखा. तीनदा साबण लावला तरी जाईना. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर होते. सुई मधेच उडी मारते.

मला आवाज मोठा हवा, खोली भरेल इतका. आणि मधे थांबता कामा नये.

बाकी मी ठीक. बाबा आहेत तसे आहेत.

तुझा,
बारक्या

१२ फेब्रुवारी

बारक्या,

राग कसला. दीड वर्षानं का होईना, माझ्या विषयातलं काहीतरी विचारलंस. एरवी लोक मला विचारतात, माइक चालू आहे ना.

दुकानदारांचं नाव माझ्यापुढे काढू नकोस. ही जमात मी पंचवीस वर्षं बघतेय. आमच्या थिएटरात एक जण येतो. बोटाएवढी जाड वायर दाखवून म्हणतो, हिच्यातून आवाज "उबदार" जातो. मी त्याला म्हटलं, स्वेटर घातलाय का तिला? गिऱ्हाइकाला लाज वाटायला लावायची आणि त्या लाजेवर माल विकायचा, हा यांचा धंदा. ओंगळ माणसं.

आता नीट ऐक. सगळ्यात जास्त फरक स्पीकरनं पडतो, कारण हवा हलते ती तिथे. नंतर खोली. ॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी, तो चालतोय तोवर त्याला हात लावू नकोस. पण या सगळ्याच्या आधी सुई. झिजलेली सुई रेकॉर्डवर नांगरासारखी फिरते, गाणं कायमचं खरवडून जातं. सुई लहानशी वस्तू आहे, ती आजच बदल, ती काही "सुधारणा" नव्हे. बटणाची खरखर म्हणजे नुसती धूळ. बटण काढ, आत साफ करायचा फवारा मार, पन्नास वेळा मागेपुढे फिरव. काळ्या लगद्यावर काही उपाय नाही, तो स्पीकर मेला.

खोली केवढी? स्पीकर कशावर ठेवलेत? तू बसतोस कुठे? आणि मोठा आवाज कशाला रे? तू तर लहानपणी कुकरच्या शिट्टीला कान झाकायचास.

शेवटच्या ओळीत ज्यांचा उल्लेख केलास, त्यांच्याबद्दल मी विचारलेलं नाही. तूही सांगू नकोस. माझा कप खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर वेगळा ठेवणारा माणूस आहे तो. मी ज्याच्याबरोबर राहायला गेले त्याला बायको होती, हे खरं. सहा वर्षांनी तो तिच्याकडे परतही गेला. पण मी भेटायला आले की माझा कप दोनदा घासून बाहेर पालथा घालायचे, आणि त्यांच्याकडे कपडे शिवून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांसमोर मला खुर्चीऐवजी स्टूल द्यायचे. ते मी विसरणार नाही.

सुई बदल.

ताई

२१ फेब्रुवारी

ताई,

सुई बदलली. जमीनअस्मानाचा फरक. मधे उड्या मारत होतं ते गाणं आता सलग वाजतं. बटणही साफ केलं. आत एक वाळलेलं झुरळ निघालं, पाय वर करून. अर्धा दिवस जेवण गेलं नाही.

मोजमाप दे म्हणालीस म्हणून टेप लावली. मागची खोली, दहा बाय बारा. एक खिडकी, ती उघडत नाही. फरशी उघडी, भिंतीला अर्ध्यापर्यंत तेलरंग, पुसायला बरा पडतो. मधोमध पलंग. स्पीकर सध्या दोन स्टुलांवर आहेत. मी बसत नाही, उभा असतो.

एक अडचण उरली. रेकॉर्डची एक बाजू वीस मिनिटांत संपते. मला चाळीस लागतात, कधी पंचेचाळीस. बाजू संपली की मी हात लावू शकत नाही, हात तशा अवस्थेत नसतात. मग उरलेला वेळ शांतता. ती मला नको असते. न थांबता वाजणारं काही मिळतं का? आधी तेच घ्यावं का?

हे सगळं सकाळी सातला. कवळ्यांच्या लॅबमध्ये जायच्या आधी.

शेजारच्या मास्तरीणबाई परवा दारात येऊन म्हणाल्या, "तुमच्यासारखा मुलगा शोधून सापडायचा नाही." नाकाला पदर लावून म्हणाल्या. मी दार लोटून घेतलं.

बारक्या

५ मार्च

बारक्या,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मी काही वेडी नाही. मागची खोली त्यांची. त्यांच्या खोलीत संच मांडलास, सकाळी सातला हाताला प्लास्टर फासून कवळ्यांचं काम करतोस आणि गाणी ऐकतोस, आणि शेजारीण येऊन तोंडदेखलं कौतुक करते. म्हणजे त्यांना कुठेतरी ठेवलंस. वृद्धाश्रमात असेल. मला सांगायला संकोचलास.

संकोचू नकोस. उत्तम केलंस. चव्वेचाळीस वर्षांचा झालास, लग्न केलं नाहीस, त्यांच्या पट्टीनं मोजून कापलेलं आयुष्य जगलास. आता त्यांच्याच खोलीत माझी गाणी मोठ्यानं वाजताहेत, हे ऐकून मला जे वाटलं ते लिहीत नाही. सज्जनपणाचं नव्हतं.

म्हणून काय आधी घ्यायचं हा प्रश्न मी सोडवलाय. थिएटरनं नवे स्पीकर बसवले, जुनी जोडी मी मागून घेतली. दणकट आहेत, आवाज स्वच्छ. आज मालगाडीनं पाठवतेय. सोबत तीन कॅसेट आणि त्या वाजवायला माझा जुना डेक. तुझ्या चाळीस मिनिटांसाठी तुझ्या आवडीची गाणी मी एकामागून एक जोडलीत, मधे एका श्वासाचीही फट नाही. दुपारी तालमीआधी थिएटरच्या साउंड बूथमध्ये बसून केलं, तीन दिवस लागले. बरेच दिवसांत एवढं मन लावून काही केलं नव्हतं.

भिंतीपासून हातभर पुढे ठेव. दोन्हींची तोंडं तुझ्याकडे. आणि खुर्ची घेऊन बस, उभा काय राहतोस.

ताई

१९ मार्च

ताई,

खोकी पोचली. पत्र पाचदा लिहायला घेतलं. शेवटी आहे ते लिहितो.

बाबा वृद्धाश्रमात नाहीत. त्या पलंगावर आहेत. चौदा महिने झाले. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. तू सांगू नकोस म्हणाली होतीस, आणि मलाही सांगायचं नव्हतं.

सकाळी सातला मी त्यांना स्वच्छ करतो. कामाला बाई होती, तिनं दोन महिन्यांत सोडलं. नंतरची चार दिवसांत. ताई, मी रोज लोकांच्या तोंडातून निघालेले साचे हाताळतो, मला वाटायचं मला कसलीच घाण वाटत नाही. खोटं होतं ते. दार उघडल्यावर जो वास येतो तो अंगावर चढतो. चादर, मेणकापड, मांड्यांपर्यंत सगळं. मी तोंडानं श्वास घेतो. मग तो वास जिभेवर येतो. लॅबमध्ये डबा उघडला की पुन्हा तोच. आणि हे ते बाबा, ज्यांच्या शर्टाच्या कॉलरवर कधी एक घडी चुकीची पडली नाही, गिऱ्हाइकाचं माप घेतल्यावर जे हात धुवायचे.

पण वासाचं एक वेळ सोसलं असतं. मी स्पंज लावला की ते आवाज काढतात. एकच आवाज, घशातून, 'आऽर' असा काहीतरी, लांबवत. प्रत्येक वेळी. मी थांबलो की थांबतो, मी लावला की सुरू. मला कळतं तो कशाचा आहे. लाजेचा आहे. मुलानं आपलं ढुंगण धुवावं याची लाज त्यांना त्या आवाजातून निघते. मला तो ऐकवत नाही. म्हणून पहिल्यांदा तुझी रेकॉर्ड लावली. आवाज मोठा केला की ऐकू येत नाही. त्यांनाही येत नसेल. मी तोंड भिंतीकडे करून हात चालवतो.

तर हे चाळीस मिनिटांचं काम. तुझे स्पीकर पलंगाच्या दोन बाजूंना ठेवलेत. आता काहीच ऐकू येत नाही.

तुला फसवलं. मला माझीच शिसारी येते.

बारक्या

२५ मार्च

स्पीकर, डेक, कॅसेट, सगळं परत पाठव. तुला दिलं होतं. त्या माणसाच्या गुवामुतासाठी दिलेलं नाही.

ताई

६ एप्रिल

ताई,

परत पाठवायला उशीर होतोय, त्याचं कारण कळवतो. गैरसमज नको.

सोमवारी लॅबमध्ये घासायच्या चाकात उजवा हात गेला. दोन बोटं, हाडापर्यंत. टाके पडलेत, दोन आठवडे पाणी लावायचं नाही. एका हातानं खोक्याला दोरी बांधता येत नाही. शेजारच्यांना बोलावलं की ते घरात येतात, आणि घरात आले की तोंडं वाकडी करतात. जखम सुकली की पाठवतो.

सध्या मास्तरीणबाईंचा भाचा दिवसाआड येतो, पण चादर बदलून निघून जातो. बाकीचं मी डाव्या हातानं, प्लास्टिकची पिशवी घालून. नीट होत नाही.

मी तुला बोलावत नाहीये. हे फक्त खोक्यांबद्दल आहे.

बारक्या

२८ एप्रिल

बारक्या,

परवा तुझ्या घरून निघताना मी तुझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. रिक्षात बसताना म्हणाले, "पाणी जास्त तापवत जा, कढत," आणि तू मान डोलावलीस. का ते तोंडावर सांगता आलं नाही. आता लिहिते. बसून वाच.

मी तुझ्यासाठी आले होते, हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं. तू म्हणालास, "ताई, तू आत नको जाऊस, तुला जमणार नाही." मी म्हटलं, "तुझ्या बोटांत पू झाला तर कवळ्या कोण करेल? बाजूला हो." मोठ्या तोऱ्यात आत गेले. तीन मिनिटांत बाहेर येऊन मोरीत ओकले. तुला वाटलं प्रवासानं.

मला वाटलं होतं, त्यांना तसं बघून समाधान वाटेल. नाही तर निदान कीव येईल. दोन्हींतलं काही आलं नाही. नुसती किळस. ओठाच्या कोपऱ्यातून गळणारी लाळ, पाठीची ती ओली पांढरी कातडी, नखांतली घाण. मला ओळखलं त्यांनी. डावा डोळा माझ्यावर रोखला आणि मान फिरवली. त्या अवस्थेतही मान फिरवली. आठ दिवस तू सांगितलंस तसं कॅसेट लावून, मोठा आवाज ठेवून, भिंतीकडे बघून हात चालवले. माझीच जोडलेली गाणी. आता ती मला ऐकवणार नाहीत.

नवव्या दिवशी वीज गेली. तू लॅबमध्ये हिशेब देऊन येतो म्हणून गेला होतास. गाणं बंद पडलं, माझ्या हातात स्पंज, आणि तो आवाज सुरू झाला.

पंचवीस वर्षं मी काय केलं, तुला माहीत आहे. कवळी सैल झालेल्या नटांचं, घोट घेऊन आलेल्या नटांचं, प्रेक्षकांकडे पाठ करून बोलणाऱ्यांचं पुटपुटणं बूथमधून ओळखलं आणि त्याप्रमाणे बटणं फिरवली. मला तो आवाज दुसऱ्यांदा ऐकावा लागला नाही. बारक्या, ते 'आऽर' नाही. 'गार' आहे. 'ग' त्यांच्या जिभेला जमत नाही, एवढंच. पाणी गार आहे, असं सांगत होते ते.

मी कोपर बुडवून बघितलं. तू पातेलं सहालाच तापवून ठेवतोस, भाजू नये म्हणून. सात वाजेपर्यंत ते निवतं. उघड्या फरशीची खोली, अंगावर कपडा नाही. किटलीतलं कढत पाणी त्यात ओतलं, पिळून पाठीला लावलं. आवाज नाही. मानेला लावलं. आवाज नाही. डोळे मिटून घेतले त्यांनी.

इथे थांबले असते तर तुला तोंडावर सांगितलं असतं. थांबले नाही. खात्री करायची म्हणून नळाखाली स्पंज भिजवला आणि पोटावर ठेवला. "गाऽर" म्हणाले. बरोबर होतं माझं. मग मी पुन्हा नळाखाली धरला आणि पुन्हा ठेवला. पहिल्यांदा केलं ते खात्रीसाठी. दुसऱ्यांदा कशासाठी, ते मला माहीत आहे आणि त्यांनाही कळलं. माझ्याकडेच बघत होते. वीज नव्हती, बाहेरून कसला आवाज नव्हता, आणि मी माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बापाच्या उघड्या पोटावर गार पाणी पिळत उभी होते.

दुसऱ्या दिवशी निघाले. आता हात धुते तेव्हा दोनदा धुते.

स्पीकर ठेव. कुठे ठेवायचे ते तू ठरव.

ताई

१२ मे

ताई,

पत्र वाचल्यावर दोन दिवस लॅबला गेलो नाही. तुझ्या त्या 'दुसऱ्यांदा'पाशी मी फार थांबलो नाही. तू दोनदा पिळलंस, मी चौदा महिने. तू निदान ऐकून केलंस. मी ऐकू येऊ नये म्हणून तुझ्याकडे स्पीकरचा सल्ला मागत होतो. कोणाची किळस जास्त करायची, याचा निवाडा मला जमत नाही. तू ओकलीस, तू आत असताना मी दारामागे बसून राहिलो. दोघांचं तेवढंच.

आता काय चाललंय ते सांगतो. पाणी कढत घेतो, दर पाच मिनिटांनी किटलीतून भर घालतो. संच बंद ठेवला. पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड न करता हात चालवले. बाबांनी एकदाही आवाज काढला नाही. मी त्यांना म्हटलं, "मला कळलं नाही, बाबा." त्यांनी बघितलं नुसतं. माफ केल्यासारखं काही नव्हतं त्या बघण्यात, तुला खोटं कशाला सांगू.

पाचव्या दिवशी कूस बदलताना नवीनच काहीतरी म्हणाले. "इवऽ." मी कान तोंडाशी नेला. वास आला, पण नेला. चार वेळा म्हणायला लावलं. "शिवण." मेणकापड सरकू नये म्हणून मी ते त्यांच्याच मशीनवर चादरीला शिवून टाकलंय, आणि माझी ती वेडीवाकडी टीप बरोबर त्यांच्या कमरेखाली येत होती. तिथे रुपयाएवढं लाल झालंय. वर्षभर तो माणूस माझ्या शिलाईवर निजला होता. शिवण उसवली. उसवताना ते एकटक टाक्यांकडे बघत होते, आणि तोंडावर तो जुना भाव, कुणाचं काम पसंत पडलं नाही की यायचा तो. मला एवढा राग आला की बरं वाटलं.

किळस अजून येते. रोज येते, दार उघडलं की. ती जाईल असं आता वाटत नाही, आणि जावी म्हणून मी थांबतही नाही.

काल काम उरकलं, नवी चादर घातली, त्यांना उशीला टेकवून बसवलं. हात स्वच्छ होते, रविवार होता, म्हटलं आज फक्त ऐकण्यासाठी लावू. खुर्ची आणली, पलंगाशेजारी बसलो, तू सांगितलंस तसा. तुझी दुसरी कॅसेट. पहिलंच गाणं सुरू झालं आणि बाबांनी डावा हात उचलला. मी कान नेला.

"अंद," म्हणाले.

मी विचारलं, "बंद?"

त्यांनी मान हलवली. हो.

मी बंद नाही केलं, ताई. आवाज थोडा कमी केला, ते बोलले तर ऐकू येईल इतका, आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसलो.

बारक्या